श्रेय एकट्या लिंकनचे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंतावरचा लेख वाचला. लेख रंजक आहे, पण अध्यक्ष लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने सगळे गुलाम मुक्त झाले, असा जो सूर त्यात लागला आहे तो बरोबर नाही. तो जाहीरनामा देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांपुरता होता. केंटकी आणि डेलावेअर ही राज्ये फुटली नव्हती, म्हणून तिथले गुलाम डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती अमलात येईपर्यंत कायद्याच्या लेखी गुलामच होते. ही दुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ ला प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी पार पडली. तिच्यासाठी सभागृहात वर्षानुवर्षे भांडलेल्या, पेनसिल्व्हेनियाच्या थॅडियस स्टीव्हन्स या प्रतिनिधींचा पानभर लेखात साधा उल्लेखही नाही. म्हणून हे पत्र.

स्टीव्हन्स यांचा जन्म १७९२ चा, व्हरमाँटमधल्या डॅनव्हिलचा. एक पाय जन्मापासून अधू. बाप घर सोडून गेला, आईने राबून मुलांना वाढवले. डार्टमाउथमधून पदवी घेऊन ते पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला आले आणि वकिलीत नाव काढले. पण १८२१ मधला त्यांचा एक खटला मुद्दाम सांगायला हवा. चॅरिटी बटलर या गुलाम बाईचा दावा होता की, मालकाने आपल्याला पेनसिल्व्हेनियात आणून ठेवले आणि तिथल्या कायद्यानुसार सहा महिने राहिले की माणूस मुक्त होतो. स्टीव्हन्स उभे राहिले मालकाच्या बाजूने! मुक्काम तुटक होता, सलग नव्हता, असा कीस काढून त्यांनी खटला जिंकला आणि चॅरिटी दास्यातच राहिली. चरित्रकार यावर सारवासारव करतात. माझ्या मते तशी गरज नाही. पुढे याच माणसाने पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवले, आणि १८५१ मध्ये ख्रिस्तियाना गावी गुलाम पकडायला आलेल्यांना लोकांनी हुसकावले तेव्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली सापडलेल्यांच्या बचावालाही ते उभे राहिले. ज्युरीने पाव तासात निर्दोष ठरवले.

गुलामगिरीच्या प्रश्नावर ते देशभर गाजण्याआधीची गोष्ट. १८३४ मध्ये पेनसिल्व्हेनियात मोफत सरकारी शाळांचा कायदा झाला आणि करदाते खवळले. दुसऱ्यांच्या पोरांच्या शिक्षणाचा पैसा आम्ही का भरायचा, हा प्रश्न तेव्हाही होता! राज्याच्या वरिष्ठ सभागृहाने कायदा रद्द करायला मंजुरीही दिली होती. एप्रिल १८३५ मध्ये स्टीव्हन्स यांनी कनिष्ठ सभागृहात असे भाषण केले की वारे फिरले आणि कायदा वाचला. दोन-तीन वर्षांनी राज्याच्या नव्या घटनेने काळ्या पुरुषांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा ती बनवणाऱ्या घटना परिषदेत असूनही त्यांनी त्यावर सही केली नाही.

यादवी युद्धात ते प्रतिनिधिगृहाच्या अर्थविषयक समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे युद्धाचा खर्च भागवण्याची जबाबदारी त्यांच्यावर. कागदी चलन आणण्यात त्यांचा पुढाकार होता. जून १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळला, तरी त्यांची भाषा मवाळ झाली नाही.

जन्माने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचे पहिले कलम शब्दांत बांधले प्रतिनिधिगृहातल्या जॉन बिंगहॅम यांनी. नागरिकत्वाचे वाक्य सिनेटमध्ये जोडले गेले. पण सभागृहातून ती ओढून नेणारे स्टीव्हन्सच. आपल्या मनासारखा मसुदा नव्हता, हे त्यांनी लपवले नाही. तरी स्वीकारतो, कारण मी देवदूतांत नव्हे, माणसांत राहतो, असे त्यांनी सांगून टाकले. आज न्यू जर्सीत जन्मलेली आपली नातवंडे जन्माने अमेरिकन ठरतात ती याच दुरुस्तीमुळे, आणि आपल्या राज्यघटनेतल्या कलम १४ मधले 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्दही तिथूनच आले आहेत. तरीही आपल्या वाचकाला त्यांचे नाव माहीत नसावे, याचे नवल वाटते.

१८६८ मध्ये लिंकननंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन या अध्यक्षावर महाभियोग (पदावरून दूर करण्याचा खटला) चालला, तोवर स्टीव्हन्स पार खंगले होते. दोघे जण त्यांना खुर्चीसकट उचलून सभागृहात आणत. "बाळांनो, तुम्ही मेल्यावर मला कोण उचलणार?" असे ते त्यांना विचारत म्हणे. सिनेटमध्ये महाभियोग एका मताने हुकला आणि ऑगस्टमध्ये ते गेले. सगळ्यांना प्रवेश असलेले एक छोटे कबरस्तान त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये स्वतःसाठी निवडले होते, कारण इतरत्र गोऱ्यांपुरताच नियम होता. ते कारण त्यांनी थडग्यावर कोरूनही घेतले. त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि पाच वर्षांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले. त्या सज्जनांत कोण कोण, हे आपण कधी शोधायचे?

स्टीव्हन्स यांचे नाव मागे का पडले, याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेच्या बाजूने लिहिणाऱ्या इतिहासकारांनी त्यांना सूडबुद्धीचा लंगडा म्हातारा करून टाकले. १९१५ च्या एका गाजलेल्या मूकपटातला खलपुरुष बेतला तोही त्यांच्यावरच. सूडबुद्धीचा आरोप कशावरून, तर सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टरला त्यांनी मांडलेल्या योजनेवरून. बंडखोर जमीनदारांच्या मोठ्या जमिनी, म्हणजे दोनशे एकरांवरच्या, जप्त कराव्यात आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्यावेत, अशी ती योजना. मतदानाचा कागद हातात आणि पोटासाठी जुन्याच मालकाच्या बांधावर, ही मुक्ती टिकणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याच पक्षातल्या बहुतेकांनी ते धुडकावले. युद्धकाळात काही मुक्त कुटुंबांना मिळालेली जमीनही जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत केली, आणि पुढच्या पिढ्या वाट्याने जमीन कसत कर्जात अडकल्या.

आपली लेखमाला पुढेही चालू राहणार असल्याचे लेखाच्या शेवटी म्हटले आहे. पुढच्या भागात जमिनीचा विषय घेणार असाल, तर लँकेस्टरच्या त्या भाषणापासून सुरुवात करावी आणि पहिल्या भागातली जाहीरनाम्याबद्दलची दुरुस्ती एका चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा