सिगारची पेटी आणि मापकाचा आकडा

महोदय,

सिगार घरी साठवण्याबद्दल आपल्या पुरवणीत जो सल्ला छापून आला, त्यातला ‘७० टक्के आर्द्रता राखा’ हा भाग चालण्यासारखा आहे. पण त्यासाठी पेटीत ओला स्पंज किंवा सफरचंदाची फोड ठेवा, हा भाग सिगार नासवणारा आहे. ओला स्पंज पाणी सोडत राहतो, कुठे थांबायचे हे त्याला कळत नाही. बंद पेटीतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरायला वेळ लागत नाही. फळाची फोड तर स्वतःच कुजते, आणि तिचा वास तंबाखूत उतरतो तो निघत नाही.

मुळात पेटीतले पाणी असते कुठे, हे एकदा समजून घेतले की निम्म्या चुका टळतात. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. म्हणजे १० लिटरच्या पेटीत ७० टक्के आर्द्रता असताना हवेतले पाणी भरते अवघे ०.१२ ग्रॅम. मध्यम आकाराची एक सिगार साधारण १० ग्रॅमची धरली, तर तिच्या पानांतच एक ग्रॅमहून जास्त पाणी असते. अशा २५ सिगार म्हणजे हवेच्या किमान दोनशेपट पाणी पानांत. झाकण उघडल्यावर आर्द्रता मापकाचा आकडा झरकन खाली येतो आणि लोक घाबरून पाणी घालतात. वास्तविक गेलेली असते ती फक्त हवा. झाकण लावा, काही तासांत पाने आणि लाकूड मिळून आकडा पुन्हा जागेवर आणतात. उलट बाहेरचा ओलावा सिगारच्या गाभ्यापर्यंत मुरायला आठवडे लागतात. त्यामुळे रोज थोडे वाढवा, थोडे कमी करा असे चालू ठेवले, तर बाहेरचे पान फुगते-आकसते आणि गाभा मागेच राहतो. पान उभे चिरते ते या ओढाताणीतूनच. रोज ६२ आणि ७२ यांच्यात हेलकावणाऱ्या पेटीपेक्षा ६५वर शांत राहणारी पेटी केव्हाही चांगली.

आकडा कोणता, यावर मतभेद आहेत. ६५ ते ७० हा पट्टा सर्वमान्य आहे, क्युबन सिगारसाठी अनेक जाणकार ६२ ते ६५ धरतात. माझे मत ६५च्या बाजूने आहे, कारण ७०वर ठेवलेल्या पेटीत चूक झाली तर थेट बुरशीची हद्द लागते. सिगार स्वतःही सांगते. ओढताना जोर लागत असेल, मध्येच विझत असेल, एका बाजूने जळत असेल तर ती ओली आहे. भराभर आणि गरम जळून कडवट लागत असेल, हलक्या दाबाने कुरकुरत असेल तर सुकली आहे. सुकलेली सिगार एकदम ओल्या पेटीत घालू नये. आतला तंबाखू फुगतो आणि ठिसूळ झालेले वरचे पान फाटते. आधी ६२, मग काही आठवड्यांनी ६५, अशा टप्प्यांनी तिला आणावे. ओलावा परत येतो, उडून गेलेले सुगंधी तेल मात्र परत येत नाही.

आता मापक. पेटीबरोबर येणारे काट्याचे हायग्रोमीटर (आर्द्रता मापक) बहुधा शोभेचेच असतात. डिजिटल घ्यावे, पण तेही तपासल्याशिवाय विश्वासाचे नाही. तपासणी अगदी सोपी आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधे मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करा. मीठ विरघळून वर पाणी साचता कामा नये. हे झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात शेजारी ठेवा, पाणी मापकाला लागू देऊ नका, आणि एक दिवस हात लावू नका. संपृक्त मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, खोली थोडी थंड असो वा गरम. मापक ७१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात ४ मिळवायचे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे. पेटीत मापक सिगारच्या मध्ये ठेवावे, आर्द्रता देणाऱ्या साधनाला चिकटून ठेवल्यास ते त्या साधनाचेच वाचन देते.

पेटीबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला सिलिकॉनची कड असलेला, वास नसलेला, अन्नासाठीचा हवाबंद डबा कितीही देखण्या लाकडी ह्युमिडॉरपेक्षा (सिगारसाठीच बनवलेल्या पेटीपेक्षा) अधिक उपयोगी पडतो. त्यात स्पॅनिश सीडरची एखादी पातळ फळी ठेवावी (हे झाड नावाने सीडर असले तरी महोगनीच्या कुळातले आहे), आणि दोन आठवड्यांनी एकदा झाकण उघडून हवा बदलावी. लाकडी पेटी घ्यायचीच असेल तर अंधारात आत टॉर्च लावून झाकण बंद करा. फटीतून उजेड दिसला तर ती पेटी ओलावा धरणार नाही.

नवी लाकडी पेटी आधी मुरवावी लागते, नाहीतर कोरडे लाकूड सिगारमधलेच पाणी पिते. आतून ओले फडके फिरवण्याची पद्धत सोडून द्यावी; त्याने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि फळ्या वाकतात. ८४ टक्क्यांच्या आर्द्रता-पुड्या (हवेतली आर्द्रता छापील आकड्यावर आणणाऱ्या बंद पुड्या) ठेवून पेटी १४ दिवस बंद ठेवणे हा बिनधोक मार्ग. पुड्या नसतील तर वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवून आठवडाभर थांबावे. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार आर्द्रता देणाऱ्या साधनातल्या फोमची छिद्रे बुजवतात.

रोजच्या वापराला खारट द्रावण भरलेल्या दुहेरी पुड्या सर्वांत निर्धोक आहेत, कारण त्या ओलावा देतात तसा जास्तीचा शोषूनही घेतात. २५ सिगारमागे ६० ग्रॅमची एक पुडी असा हिशेब आहे. हवाबंद डब्यात ६५ची, थोडा ओलावा गमावणाऱ्या लाकडी पेटीत ६९ची. पुडी चाचपल्यावर सगळी कडक लागली की बदलावी. फोमच्या साधनात भरले जाणारे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे द्रावण आणि या पुड्या एका पेटीत कधीही ठेवू नयेत, पुड्या निकामी होतात. पेटी गच्चही भरू नये, चौथा हिस्सा मोकळा राहिला तरच हवा फिरते.

तापमानाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. १६ ते २० अंश उत्तम. २४-२५च्या वर गेले की पानांत सुप्त असलेली तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटू लागतात, अळ्या आत पोखरतात, आणि वरच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके दिसतात. पेटीची एक बाजू उन्हाच्या भिंतीला किंवा तापणाऱ्या यंत्राला लागली असेल तर ओलावा थंड बाजूला सरकतो आणि तिथे बुरशी येते. फ्रिज हा त्यावर उपाय नाही; आपोआप बर्फ वितळवणारा फ्रिज हवा कोरडी करतो आणि अन्नाचा वास देतो.

भोक दिसलेच तर ती सिगार फेकून द्यावी आणि बाकीच्या सिगार दोन थरांच्या घट्ट पिशवीत, हवा दाबून काढून, आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग किमान तीन दिवस उणे १८ अंश किंवा त्याखालच्या फ्रीझरमध्ये, मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवाव्यात. थेट गोठवल्यास किंवा थेट बाहेर काढल्यास पाने तडकतात. खोलीच्या तापमानाला पूर्ण येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड पानांवर दव धरते. तोवर रिकामी पेटी झटकून कोरड्या ब्रशने साफ करावी, आणि नव्याने आलेल्या सिगार काही आठवडे वेगळ्या डब्यात ठेवूनच मोठ्या पेटीत घालाव्यात.

आपला,
एक वाचक