जिनिंगच्या खिडक्या काढू नका

महोदय,

१९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे आली आणि मराठवाड्यात रुळांलगत जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. आमच्याकडच्या अशाच एका जुन्या जिनिंगची चुन्यातली डागडुजी छान झाली. पण आता सागवानी खिडक्या उपटून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायचे घाटते आहे. हे थांबवा! चौकटी फक्त खालच्या बाजूला, पावसाचे पाणी मुरते तिथे कुजल्या आहेत. तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा सांधा देता येतो. बिजागऱ्या आणि काचा तशाच राहतात. शिवाय सरकती खिडकी निम्मीच उघडते. वरचे झरोकेही बुजवले, तर मे महिन्यात आत बसणार कोण? हे काम जाणणारे सुतार अजून आहेत. आधी त्यांना बोलावून चौकटी दाखवाव्यात, मगच नव्या खिडक्यांचे बोला.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)