कल्याण ते दादर, स्लो लोकल

चिऊ,

काल गाडीत मी जरा गुणगुणायला लागलो तर तू म्हणालीस बाबा तू गाऊ नको ना प्लीज, आणि आई हसून हसून बेजार. मान्य आहे, माझा गळा म्हणजे गाजराची पुंगी. पण तुझ्यासाठी ती दीड महिना रोज वाजलीय.

तू तिसाव्या आठवड्यातच आलीस, वजन 1180 ग्रॅम. आजी फोनवर सगळ्यांना सांगायची "पोर पेटीत ठेवलीय", म्हणजे इनक्युबेटरमध्ये, ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत. मी पहिल्यांदा नवजात बाळांच्या आयसीयूत आलो तर तू दिसायच्या आधी मशीनच ऐकू आल्या, मॉनिटरचं टीं टीं, मधेच अलार्म, तेवढ्यात कुणीतरी कपाटाचं दार धाडकन लावलं आणि तू अख्खी दचकलीस, बोटं फाकली, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, खाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1997 मध्येच सांगून ठेवलंय की तिथला आवाज 45 डेसिबलच्या वर नको. हे मला नंतर कळलं, तेव्हा फक्त त्या दाराचा राग आला.

एवढुशा बाळाला काय कळतंय असं मी म्हटलं तर सिस्टर म्हणाल्या, अहो कान कधीच चालू झालेत तिचे. खरंच, पोटात असतानाच पंचवीस-सव्वीस आठवड्यांच्या आसपास बाळ आवाजाला दाद द्यायला लागतं, आणि तिथे ऐकू काय येतं तर आईचे ठोके, आईचं बोलणं, सगळं पाण्यातून आल्यासारखं मऊ. तुझं ते दोन-अडीच महिने आधीच बंद पडलं.

आईला सिझेरियननंतर ताप, चार दिवस तिला खाली येता येईना, म्हणून मीच. सिस्टर म्हणाल्या बोला काहीतरी, हळू आवाजात. काय बोलणार? अंगाई एक येत नाही. तोंडातून आपोआप निघालं कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा... रोजचा प्रवास ना. मग आई आली, तुला छातीशी धरून बसायची, कांगारू म्हणतात ते, आणि ती बोलून दमली की परत माझी लोकल. ताईमावशीनं श्लोकांचा पेनड्राइव्ह पाठवला होता पण सिस्टरांनी स्पीकर पेटीत ठेवूच दिला नाही, आत आवाज घुमतो म्हणे. बोलतानाही बाळ जांभया देतंय, तोंड फिरवतंय असं दिसलं की गप्प बसायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

2013 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 272 बाळांवरचा अभ्यास छापला, त्यात आईबाबांनी स्वतः निवडलेलं गाणं अंगाईसारखं संथ करून बाळाजवळ बसून गायलं, तर बाळं जास्त वेळ शांतपणे जागी राहिली. आणि जिनिव्हात तर आन्द्रेआस फोलेनवायडर नावाच्या संगीतकारानं अशा बाळांसाठी खास आठ-आठ मिनिटांच्या धून बनवल्या, त्याआधी वेगवेगळी वाद्यं वाजवून बघितली, हार्प, घंटा वगैरे, आणि बाळांना सगळ्यात जास्त काय भावलं सांगू? आपल्या गारुड्याची पुंगी! गाजराची नव्हे, खरी. 2019 मध्ये त्यांनी लिहिलं की ते संगीत ऐकलेल्या बाळांच्या मेंदूतली काही जोडणी पूर्ण दिवसांच्या बाळांसारखी जास्त दिसली. आता असले प्रयोग थोड्याच बाळांवर होतात, त्यामुळे तुझे गणिताचे मार्क माझ्या लोकलच्या खात्यात टाकत नाही मी, घाबरू नकोस. पण मॉनिटरवरचा आकडा मुलुंड-नाहूरपर्यंत सेटल झालेला मी स्वतः बघितलाय, रोज नाही, पण बऱ्याचदा. घाटकोपरच्या पुढे तू कधी जागी राहिली नाहीस.

हे सगळं आज आठवलं कारण आत्याचं बाळ पेटीत आहे ना, काकांचा रात्री फोन आला, दादा मी आत जाऊन काय बोलू रे, मला तर काहीच येत नाही. ते पडले विरारचे. म्हटलं, मग विरार, नालासोपारा, वसईपासून सुरू करा.

बाबा