टाळेबंदीतलं ताट: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. पालकसभेत किशोरवयीन मुलांच्या आहारावर बोलायचं म्हणून तू काढलेली टिपणंही वाचली. कोरोनाच्या टाळेबंदीत मुलं मोबाइलला चिकटली, वेळीअवेळी खायला लागली आणि ती सवय अजून सुटत नाही, हा तुझा मुद्दा. यात खोटं काही नाही, पण हे सगळ्या मुलांबद्दल नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळे अभ्यासाची काळजी करत बसलो. पण कितीतरी मुलांना पोटभर, चौरस जेवण शाळेतच मिळत होतं. युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं, की महासाथ सुरू झाल्यापासून जगभरातल्या ३७ कोटी मुलांची शाळेतली सरासरी ४० टक्के जेवणं हुकली. ही मुलं घरी बसून काय खात होती? घरात असेल ते. आणि रोजची कमाई थांबलेल्या घरात काय असणार, हे तुला सांगायला नको. आठवड्याचं सामान एकदम भरून ठेवायला हातात पैसा लागतो, ठेवायला जागा लागते, फ्रीज लागतो. ते नसलं की आधी फळं जातात, मग दूध, अंडी, भाज्या. उरतं ते स्वस्त, टिकाऊ आणि पोट भरल्यासारखं वाटणारं. बिस्किटाचा पुडा सुखवस्तू घरातल्या मुलानेही फोडला, पण त्याने तो कंटाळ्यापोटी फोडला. दुसऱ्याचं ते दुपारचं जेवण होतं. तुझ्या टिपणांत या दोघांची नोंद एकाच रकान्यात पडली आहे, आणि मला तेच खटकतं.

इटली, स्पेन, चिली, कोलंबिया आणि ब्राझील या पाच देशांत २०२० मध्ये १० ते १९ वयाच्या ८२० मुलामुलींची एक पाहणी झाली होती. घरच्यांना स्वयंपाकाला वेळ मिळाल्यामुळे डाळी-कडधान्यं, भाज्या आणि फळं खाण्याचं प्रमाण वाढलं, तसं गोड आणि तळलेलंही वाढलं. म्हणजे टाळेबंदीने सगळं बिघडवलंच असं नाही. आहार चांगला की वाईट, याचा संबंध आईच्या शिक्षणाशी, घरात किती माणसं आहेत याच्याशी, जेवताना टीव्ही चालू असतो का याच्याशीही दिसला. मात्र ही पाहणी ऑनलाइन होती. ज्या घरात इंटरनेट नाही, तिथल्या पोराला हा प्रश्न विचारायला कोण गेलं असेल? चांगल्या बातम्या वाचताना मला ही गाळलेली मुलं सारखी आठवतात.

वयाचाही विचार कर. या वर्षांत उंची झपाट्याने वाढते, हाडं भरतात, शरीरातलं रक्त वाढतं. मुलींची पाळी सुरू झाली की लोहाची गरज आणखी वाढते. भूक प्रचंड असते. नेमक्या याच वयात मूल इतकं मोठं झालेलं असतं, की धाकट्यांना आधी वाढून स्वतः "मला भूक नाही" म्हणू शकतं. पुष्कळ घरांत हे मुलींच्या वाट्याला जास्त आलं असणार, असं मला वाटतं. अशा मुलीला 'जेवण चुकवू नकोस' असं सांगायला मी तरी धजणार नाही.

स्क्रीनबद्दल तू लिहिलंस ते मान्य. झोपेची वेळ सरकली, नाश्ता गेला, जाहिराती दिवसभर समोर. त्यावर जरूर बोल. फक्त हेही सांग, की एका खोलीत पाच-सहा माणसं कोंडलेली असताना त्या पोराला स्वतःचं म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं.

माझी एक विनंती आहे. फळं-भाज्यांचा तक्ता दाखवून सुरुवात करू नकोस. ज्यांना ते परवडत नाही, ते पालक तिथेच मान खाली घालतील आणि पुढचं काही ऐकणार नाहीत. त्यापेक्षा शाळेलाच विचार: सकाळी उपाशी येणारी मुलं कोण, हे वर्गशिक्षकांना माहीत आहे का? शाळेत जेवण मिळत असेल तर ते कितवीपर्यंत, आणि वरच्या वर्गातल्या मुलांचं काय? सुट्टी लांबली तर त्यांचा शिधा घरी पोचवायची काही सोय आहे का?

उत्तरं मिळाली की मला लगेच कळव. शाळेला पत्र लिहायचं झालं तर मसुदा आपण दोघं मिळून करू.

तुझाच,
जुना मित्र