रविवारच्या फोनबद्दल

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला, ते चुकलंच. ह्यांना सांगितलं, रेंज गेली. तुमच्या जोहान्सबर्गातल्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याबद्दल तू म्हणालास, "हे झांबियावाले इथली कामं खातात, परत पाठवायला हवेत." पोटात खड्डाच पडला रे माझ्या. ते लिहिते, पण आधी सांग, ऑफिसातून किती वाजता निघतोस? अंधार पडायच्या आत घरी येत जा.

तुझा स्वतःचा जन्म झांबियाच्या राजधानीतला, लुसाकाचा. 19 मे 1986 ला दक्षिण आफ्रिकेच्या विमानांनी शहराजवळ माकेनीला बॉम्ब टाकले, तेव्हा मला सातवा महिना होता. त्याच दिवशी झिंबाब्वेतल्या हरारेवर आणि बोट्स्वानातल्या गॅबरोनवरही हल्ले झाले. वर्णभेदाशी लढणाऱ्यांना थारा दिला, हा ह्या देशांचा गुन्हा. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर तिच्याच देशात बंदी, म्हणून मुख्य कचेरी लुसाकात. तिचे अध्यक्ष ऑलिव्हर टँबो तिथूनच सगळं बघायचे.

शेजारच्या आजींकडे जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतून पळून आलेली दोन पोरं असायची. धाकटा कधी खिडकीकडे पाठ करून बसला नाही. बॉम्ब पडले त्या संध्याकाळी मी आजींना म्हणाले, "आता तरी यांना दुसरीकडे पाठवा." त्या काही बोलल्या नाहीत. न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटत राहिल्या आणि रोजच्यासारखे त्या दोघांचे गोळे आधी काढले. मक्याच्या पिठासाठी पहाटेपासून रांगा लागायच्या त्या दिवसांत. रविवारी तुझ्या तोंडून मला माझंच वाक्य ऐकू आलं, बाळू.

रांगा का, तर देश जगायचा तांब्यावर आणि त्याचे भाव पडले, हे खरं. पण शेजारच्या ऱ्होडेशियाने (आताचा झिंबाब्वे, तेव्हा गोऱ्यांच्या राजवटीखाली) 1973 मध्ये सरहद्द बंद केली, पुढे महिन्याभरात उघडलीही, तरी आपले झांबियाचे अध्यक्ष कौंडा यांनी आपल्या बाजूने ती 1978 पर्यंत उघडली नाही. तांबं बंदरावर न्यायची जवळची वाट त्यांनी स्वतः सोडली. मग दार-एस-सलामपर्यंतच्या 1860 किलोमीटर रेल्वेवर भिस्त. त्याची किंमत कोणी मोजली? आजींसारख्यांनी.

झालं, शिकवणी सुरू झाली माझी. माफ कर. ताईच्या वेळीही असंच झालं होतं. तू एकट्याच्या हिमतीवर जोहान्सबर्गला पोचलास, हे मी येईल-जाईल त्याला सांगत असते.

27 फेब्रुवारी 1990 ला मंडेला लुसाकाला आले, सुटकेनंतर सोळा दिवसांनी. तू ह्यांच्या खांद्यावर होतास, एक चप्पल गर्दीत हरवली. आजी रडत होत्या.

आणि 2008 च्या मे महिन्यात तिथेच, जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीपासून सुरू होऊन, "परके" म्हणून साठाहून जास्त माणसं मारली गेली. परका म्हणजे तूसुद्धा. म्हणून विचारते, घर लवकर गाठतोस ना?

सुमाच्या हाती बेसनाचे लाडू पाठवते आहे. चार त्या न्हाव्याला नेऊन दे, त्याची आई कुठल्या गावची ते विचार. उजेड आहे तोवर जा.

तुझी,
आई