खेळण्यातल्या शेगडीचं बटण

वडगाव, बेळगाव

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

आत्यानं तुझ्या ओवीला दिलेला तो खेळण्यातल्या शेगडीचा संच मी पार्सलमध्ये घातलेला नाही. आजीची पितळी भातुकली, कुंद्याचा डबा, मेतकूट आणि स्नेहलची राहिलेली शाल एवढंच पाठवलंय. फोनवर तू म्हणालास, “प्लास्टिकचंच हाय की गे आई,” आणि चिडून ठेवून दिलास. चिडलास त्याचं मला काही नाही. पण मला धास्ती का वाटते ते धड सांगायच्या आत तू फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले. नव्या घरात सामान लावायची गडबड असेल, तरी एकदा सावकाश वाच.

मुलांनी संसाराचा खेळ खेळू नये असं मी कधीच म्हणणार नाही. बालवाडीत भातुकलीचा कोपरा नसेल तर ती बालवाडी कसली? आपल्या भातुकलीत पूर्वीपासून चूल आहे, जातं आहे, पाटा-वरवंटा आहे, बोथट पात्याची विळीसुद्धा आहे. गोकाकची लाकडी फळं इतकी हुबेहूब असतात की आलेला पाहुणा पेरूला हात घालतो. त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नाही. चन्नपट्टणचा लाखेच्या रंगातला चहाचा सेट ओवीला मी स्वतः घेऊन देईन. मुलं जे बघतात तेच खेळतात, आणि ओवी कट्ट्याशी येऊन “मी पण” म्हणते याचा मला आनंदच आहे. खेळणं किती खरं दिसतं याची मला फारशी काळजी नाही. त्यानं हाताला कसली सवय लागते, ते मी बघते.

पितळी चुलीत काड्या घालायच्या आणि फुंकायचं. तशी चूल आता तुमच्या घरात नाही, तेव्हा ती सवय घेऊन पोर जाणार कुठं? या संचाचं तसं नाही. त्याला लाल बटण आहे, त्यावर पांढरा बाण. आत दाबून डावीकडे फिरवलं की टिकटिक वाजतं आणि जाळीखाली नारिंगी दिवा लागतो. ओवी ते कसं करायची ते तू नीट बघितलंस का? अंगठा आणि दोन बोटं. आधी दाबायचं, मग पिळायचं, मग तोंड पार जाळीला लावून दिवा लागला का बघायचं. खऱ्या शेगडीला मुलांपासून राखण असते ती एवढीच, की बटण आत दाबल्याशिवाय फिरत नाही. नेमकी तीच खुबी या खेळण्यानं तिला शिकवली. स्वयंपाकाचा कट्टा 32 ते 34 इंच उंच असतो आणि दोन वर्षांचं मूल साधारण 34 इंच. हात वर केला की बटण हाताशी, चौरंग ओढला तर ज्योतही तोंडाशी.

“हे खोटं आहे गं बाळा” असं सांगून भागत नाही. दीड ते अडीच वर्षांची मुलं बाहुलीच्या वीतभर खुर्चीवर खरोखर बसायला जातात, खेळण्यातल्या मोटारीत पाय घालायला बघतात. अमेरिकेत जॉन फ्लॅवेल यांनी 1983 साली मुलांना दगडासारखा दिसणारा स्पंज हातात दिला. तो दिसतो कसा आणि आहे काय, हे दोन प्रश्न तीन वर्षांच्या मुलांना वेगळे करता येईनात. ही समज चार-पाच वर्षांच्या आसपास येते. ओवी हुशार आहे, आपल्या घरात एवढ्या लवकर कुणी बोललं नव्हतं. पण हुशार मुलाचा हात आणखी लवकर शिकतो, समज मात्र वयानंच येते. बेळगुंदीच्या काकूंकडे काय झालं ते मी पुन्हा लिहीत नाही. तुला आठवतं.

अप्पा म्हणतात प्लगचंही तसंच. सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून पडदा असतो. वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची पिन गेली की तो सरकतो, म्हणून ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड केलेली असते. खेळण्यातल्या इस्त्रीला तीन पिनांचा प्लग लावलेला असला, तर पडदा उघडायची किल्लीच मुलाच्या हातात आली. पिना प्लास्टिकच्या, त्यांनी शॉक बसत नाही हे खरं. पण वरची पिन मोडून आत राहिली तर पडदा उघडाच राहतो आणि खाली 230 व्होल्ट मोकळे. मग हेअरपिन हाताला लागायला किती वेळ? आणि दोन्ही भोकांत धातू गेला तर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळली की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, तीसुद्धा पडेलच असं नाही. वीज जमिनीत न जाता एका तारेनं येऊन दुसरीनं परत गेली तर तिला काही कळत नाही.

हे सांगताना अप्पा हसत होते. तू तिसरीत असताना त्यांच्या पिशवीतला टेस्टर खिशाला लावून गल्लीभर फिरायचास. समोरच्या काकूंच्या देवघरातला होल्डर तू बसवलास हे त्या अजून येईल त्याला सांगतात. आज तू एवढ्या मोठ्या कंपनीत मशिनं चालू करून देतोस, त्याची सुरुवात तिथंच झाली असं मला वाटतं. पण लक्षात घे, खेळण्यातला टेस्टर तुला कुणी आणून दिला नव्हता. खराच दिला होता, मेन स्विच पाडून, अप्पांनी मागं उभं राहून. पावसाळ्यात वीज गेली की “अप्पा, फ्यूज मी बघतो” म्हणत तू अंधारात उठायचास आणि ते तुला दारातच धरायचे.

बघ, लिहिता लिहिता भरकटले, आणि त्याआधी बालवाडीच्या बाईसारखं भाषणही झालं. रागावू नकोस. तू आणि स्नेहल ओवीला किती जपता हे मी दिवाळीत डोळ्यांनी बघितलंय.

पण बटणाचं राहवत नाही. नव्या घरी पाइपचा गॅस आहे म्हणालास. आपल्या सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली, कट्ट्याखाली साठतो. पाइपचा हलका, तो छताकडे जातो. गॅसचा अलार्म लावणार असलास तर तो छताजवळ लाव. इथल्यासारखा जमिनीलगत लावलास तर वाजायला उशीर होईल. दोन्ही गॅसना वास मुद्दाम घातलेला असतो. वास आला तर दिवा, पंखा, एक्झॉस्ट काहीही चालू करायचं नाही, चालू असेल ते बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. कॉक बंद, खिडक्या उघड्या, ओवीला घेऊन घराबाहेर, आणि फोन बाहेर गेल्यावर. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906. पाइपवाल्यांचा नंबर मीटरपाशी बघून दोघांच्याही फोनमध्ये घालून ठेवा. रात्री झोपताना पाइपवरचा कॉक आडवा करायचा. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद.

आणि शेगडीची बटणं सरळ ओढली की निघतात. स्वयंपाक आटोपला की काढून वरच्या डब्यात टाकायची. मागं राहते ती धातूची बारीक दांडी, लहान बोटांनी ती सहज पिळता येत नाही. नवी शेगडी घेणार असाल तर ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी घ्या. लायटरशिवाय पेटणारी असेल तर बटणं काढायला अजिबात विसरू नका, तिथं फिरवलं की लगेच ज्योत.

संचाचं आणखी एक. मागचं झाकण नखानं उघडतं, स्क्रू नाही, आणि आत तीन बटणसेल. मुलाच्या खेळण्यातलं सेलचं झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये. रिमोटात, वजनकाट्यात नाण्याएवढा 20 मिलिमीटरचा लिथियम सेल असतो, तो तर त्याहून वाईट. गिळताना अन्ननळीत अडकला तर ओलाव्यातून वीज वाहते, कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजतं. नुसती शंका आली तरी एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं. उलटी करवायची नाही. मूल एक वर्षावरचं असेल आणि गिळून 12 तास झाले नसतील तर वाटेत दर 10 मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर मात्र करायचा नाही.

विकत घेताना आयएसआयची खूण बघ. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांच्या मालाला सूट आहे, तेव्हा चन्नपट्टणच्या वस्तूवर ती नसली म्हणून परत करू नकोस. तीन वर्षं होईपर्यंत सव्वा इंचाच्या आतला सुटा तुकडा असलेलं काही नको. भातुकलीतले छोटे पेले म्हणूनच मी काढून ठेवलेत, पुढच्या वर्षी पाठवीन.

शेगडी तिला हवीच असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर खडूनं चार गोल काढून दे. ती त्यावर दिवसभर भात शिजवेल, आणि फिरवायला काही नसेल. कणकेचा गोळा दे, लाटणं दे. गवार मोडायला बसव. पिकलं केळं आणि लोण्याची बोथट सुरी दे, पण तू शेजारी बस. नुसती स्नेहल नको, तू. अजून काही वर्षांनी तूच तिचा हात धरून खरं बटण दाखव, कसं दाबायचं, कसं बंद करायचं, वास आला तर काय करायचं. तेव्हा तिला कळेल, आणि तेव्हा मी काही बोलणार नाही.

आत्याला मी काही सांगितलेलं नाही. तिनं मायेनं दिलंय. विचारलंच तर संच वडगावातच राहिला म्हण, ते खरंच आहे.

तुझी
आई

ता. क. स्नेहलच्या लोहाच्या लाल गोळ्या तिच्या पर्समध्ये असतात, आणि पर्स ओवीचं खेळणं झालीय. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. ओवी 12 किलोची, तिला चार गोळ्यांपासून विषबाधा होऊ शकते आणि बारा गोळ्या जिवावर बेतू शकतात. वरून साखरेचा थर असतो, चाटलं की गोडच लागतं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुलपात ठेवा. डॉक्टर-डॉक्टर खेळताना औषध म्हणून रंगीत गोड गोळ्या तिला देऊ नका, रिकामी बाटली चालेल. शंका आली तर वाट न बघता 108. आणि बटणं काढून ठेवतोस की नाही, तेवढं कळव.