देवळातला किरण आणि आभाळातला कण

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

प्रिय संजू,

किरणोत्सव काल संपला. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत किरण चढले. काल मात्र पश्चिमेला ढग आले आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशीच ऊन विझलं. आई गर्दीत माझा हात घट्ट धरून उभी होती, आणि मला अमातेरासू आठवला. मागं फोनवर अर्धवट राहिलं होतं, आज नीट लिहितो.

अमातेरासू ही जपान्यांची सूर्यदेवता. तिचं नाव अवकाशातून आलेल्या एका वैश्विक कणाला दिलंय. २७ मे २०२१ रोजी अमेरिकेत, युटाच्या वाळवंटात जमिनीवर मांडलेल्या २३ डिटेक्टरांनी त्याची चाहूल टिपली. दहा किलोचा गुळाचा रवा हातभर उंचीवरून पायावर पडावा, जवळपास तेवढी ऊर्जा. एका कणात, संजू!

तो स्वतः खाली पोचत नाही. वर हवेतल्या अणूवर आदळतो, त्यातून नवे कण, त्यांतून आणखी, असा अब्जावधी कणांचा लोंढा काही किलोमीटर पसरून उतरतो. अर्जेंटिनातल्या पिएर ओझे वेधशाळेत हा लोंढा चक्क पाण्यात पकडतात. ३००० चौरस किलोमीटर माळ, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. त्यावर दीड-दीड किलोमीटरवर १६०० हून जास्त टाक्या, प्रत्येकीत १२,००० लिटर शुद्ध पाणी आणि मिट्ट काळोख. कण पाण्यातून गेला की निळसर प्रकाश चमकतो. कुठल्या टाकीत आधी चमकला, कुठल्या टाकीत मागून, या अगदी सूक्ष्म फरकावरून दिशा कळते. एवढा पसारा लागतोच, कारण इतक्या ऊर्जेचा कण चौरस किलोमीटरला शंभर वर्षांत एखादासुद्धा क्वचितच.

मला झोप लागू देत नाही ते वेगळंच. काल किरण अडला, पण तो कुठून निघाला हे लहान पोरही सांगेल. अमातेरासू पृथ्वीपर्यंत पोचला, पण त्याच्या मागच्या दिशेला बघावं तर आभाळ जवळजवळ रिकामं, दीर्घिका अगदी विरळ. विद्युतभारित कण वाटेत चुंबकीय क्षेत्रांनी वळतात, पण एवढ्या ऊर्जेचा प्रोटॉन फारसा वळायला नको. मला वाटतं ते लोखंडासारखं जड केंद्रक असावं, ते जास्त वळतं.

रात्री जेवताना आईला सांगितलं. ताटातला हात थांबवून ती म्हणाली, "मग त्याचं घर कुठलं रे?"

३१ जानेवारीला पुन्हा किरणोत्सव आहे. तू ये. तिघं मिळून जाऊ, आईनंच सांगितलंय.

तुझा,
विनू